चुन्याची शेवटची रेघ

परवा घराला द्यायला चुना भिजवला आणि त्या वासानं मी थेट आमच्या आंजी गावच्या शेतात जाऊन उभी राहिले. साल २००१, जानेवारी. तिथं बाबांनी तुरीच्या खळ्यावर मुरूम घालून मला टेनिसचं कोर्ट करून दिलं होतं. मी घरी येणार असले की ते शेणानं सारवायचे आणि दोरी ताणून चुन्याच्या रेघा मारायचे.

सात वर्षं मी व्यावसायिक स्पर्धा खेळले, बहुतेक पहिल्या-दुसऱ्या फेरीतच हरले. त्या दिवशी पोचले तेव्हा बाबा शेवटची रेघ मारत होते.

"बाबा, मी टेनिस सोडलं."

"काऊन?"

"गुडघा साथ देत नाई."

"मंग आता खेळाले जाणारच नाई?"

"नाई."

त्यांनी डब्यातला चुना ढवळला. "दोरी धर. रेघ अर्धी राह्यली."

मी दोरी धरली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. चुना जरा पातळ झालाय, एवढंच दिसत होतं. बाबांना काही कळलंच नाही, असं मी कित्येक वर्षं समजत होते. आता त्यांच्या तेव्हाच्या वयाची झाले, आता तसं वाटत नाही.

आठवड्यानं त्याच कोर्टावर तूर झोडपली. पुढं आईनं डाळ करायला ती भिजवली, तर रेघांच्या चुन्यानं पाणी पांढरं झालं. तिनं ते ओतून दिलं आणि दुसरं घेतलं. बाबा तिथंच बसले होते.