परराष्ट्र धोरण आणि दौंडचे आबा

कारकून निवृत्त झाला की फायली ऑफिसात राहतात आणि किस्से त्याच्याबरोबर घरी येतात. ते परत मागायला कुणी येत नाही आणि रद्दीवालाही घेत नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमचे खासदारसाहेब परराष्ट्र खात्याच्या सल्लागार समितीवर गेले, तेव्हा मी त्यांच्या शिरूरच्या ऑफिसात होतो. देशाचं परराष्ट्र धोरण मी फार जवळून पाहिलंय. माझ्याच टेबलावर यायचं ते, टपालानं.

*

निवड झाल्याचं कळताच केंदूरचे चार पुढारी हार घेऊन आले. हार झाला, चहा झाला, मग खिशातून अर्ज निघाला. गावाला एस.टी.ची जादा फेरी हवी होती. साहेबांनी समजावलं, ही समिती परराष्ट्राची आहे.

त्यातले वडीलधारे म्हणाले, "आमाला पुणं परराष्ट्रच हाय, साहेब. जाऊन यायला दोन दिस मोडत्यात."

*

बैठकीआधी दिल्लीहून कागदांचा गठ्ठा यायचा, वर 'गोपनीय' असा लाल शिक्का. मी डिक्शनरी घेऊन बसायचो आणि साहेबांसाठी एक पान मराठी सारांश काढायचो. एकदा तो वाचून साहेबांनी विचारलं, ह्यात नवीन काय? मी सांगितलं, सगळं मागच्या आठवड्यात पेपरात येऊन गेलंय.

"मग हे गोपनीय कुणापासनं?"

"समितीपासून असावं."

*

पहिल्या बैठकीहून साहेब पडेल चेहऱ्यानं परतले. प्रत्येक सभासद बोलला आणि प्रत्येकाला मंत्री म्हणाले, नोंद घेतली. पुढं काय होतं, साहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, आपण अर्जावर 'पाहिले' लिहितो, त्यानंतर जे होतं तेच.



*

याच सुमाराला दौंडचे आबा यायला लागले. रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर. मुलगा आखातात रूळ टाकायच्या कामाला गेलेला. करार संपून आठ महिने झाले, तरी कंपनीचा मॅनेजर सोडेना, कारण पासपोर्ट त्याच्या कपाटात. इकडं आई अंथरुणावर. मी तीन अर्ज लिहिले. तिन्हींची पोच आली, मुलगा आला नाही.

चौथ्या खेपेला आबांनी अर्ज लिहूच दिला नाही. म्हणाले, "भाऊसाहेब, सारी नोकरी रेल्वेत काढली मी. पास प्रवाशाच्या खिशात पायजे का गार्डाच्या?"

आणि ते साहेबांच्या ओट्यावर जाऊन बसले. रोज सकाळच्या एस.टी.नं यायचे, संध्याकाळी जायचे. भांडण नाही, घोषणा नाही. साहेबांच्या घरून चहा यायचा, तो प्यायचे.

*

पुढच्या बैठकीसाठी मी महासत्तांवर सहा पानी भाषण लिहून दिलं होतं. तीन तास इतर सभासद महासत्तांवरच बोलले. साहेबांच्या वाट्याला पाच मिनिटं उरली. त्यांनी माझी पानं बाजूला ठेवली आणि आबांचा प्रश्न जसाच्या तसा हिंदीत विचारला.

मंत्री हसले. मग त्यांनी अधिकाऱ्यांकडं पाहिलं. अधिकाऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. नोंद घेतो, मंत्री म्हणाले.

"नोंद नको, तारीख द्या," साहेब म्हणाले. "म्हातारा माझ्या ओट्यावर बसलाय. मला घरी जायचंय."

काही महिन्यांनी परदेशी जाणाऱ्या कामगारांच्या करारात नवं कलम आलं: पासपोर्ट कामगाराच्याच ताब्यात राहील. अहवालात त्यामागं समितीचं 'सखोल विचारमंथन' असल्याचं लिहिलं होतं. मी माझी सहा पानं फायलीला लावली.

*

मुलगा आला. साहेबांनी मला पेढे घेऊन दौंडला धाडलं. आई उठून बसली होती, सुनेला स्वयंपाकातल्या चुका सांगत होती. आबांनी मला खुर्ची दिली, साहेबांच्या समितीचं तोंड भरून कौतुक केलं. पासपोर्ट ज्याचा त्याच्या खिशात, हा खरा कायदा, म्हणाले.

निघताना मुलगा एस.टी. स्टँडपर्यंत सोडायला आला. गाडी हलली तसा खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला,

"काका, साहेबांना म्हणावं, अजून एक कलम घाला. पासपोर्ट आबांनी ट्रंकेत कुलपात ठिवलाय."