चहापाण्याची सवय

माझे सासरे उल्हास नार्वेकर यांनी एकतीस वर्षं मोंबासात विजेच्या सामानाचं दुकान चालवलं. दुकान त्यांच्या वडिलांनी काढलेलं. सासूबाई गेल्यावर ते विकून बाबा आमच्याकडे युरोपात, न्यूनेनला आले. माझा नवरा अंबरीश इथे जवळच आइंटहोव्हन शहरात इंजिनीअर आहे.

मला घरीच लहान मुलं सांभाळायची होती. त्याला परवाना लागतो, आणि त्याआधी घर तपासलं जातं. मार्चमध्ये तपासणीला एक बाई आल्या. मुलं झोपणार त्या खोलीतला धुराचा अलार्म त्यांनी दाबून पाहिला. वाजला नाही.

"हा बदला. दोन आठवड्यांनी मी पुन्हा येते," म्हणाल्या. एवढंच.

मी अलार्मचं मॉडेल लिहून घेऊन खाली आले, तर बाई हातात पाकीट धरून उभ्या. बाबांनी ते त्यांच्या फाइलीत सरकवलं होतं. आत शंभर युरो.

"हे मला अहवालात लिहावं लागेल." पाकीट टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. बाबांना वाटलं, रक्कम कमी पडली.

संध्याकाळी अंबरीश कडाडला. "हे मोंबासा नाहीये, बाबा! आणि अलार्म होता तो. आग लागली असती तर?"

 बाबा म्हणाले, "लागली होती."

त्यांच्या गोदामाला एकच दार होतं. दुसरं काढायचं तर भिंत फोडा, माल हलवा. तपासनीस दरवर्षी यायचा, चहापाणी घ्यायचा, सही करून जायचा. एका दुपारी दाराजवळच्या वायरींनी पेट घेतला. आत जुमा होता, बावीस वर्षं त्यांच्याकडे राबलेला. तो बाहेर आलाच नाही.

"पोलिसांनी लिहिलं, जुमाच्या सिगारेटनं आग लागली. तसं मीच लिहवून घेतलं, पैसे देऊन. तो सिगारेटला कधी शिवला नव्हता."

अंबरीश तेव्हा पुण्यात शिकायला होता. "जुमानं मला पोहायला शिकवलं," तो म्हणाला. "आईला माहीत होतं हे?"

"पाकीट तिनंच भरलं होतं."

जेवणं तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी अंबरीशनं जुमाच्या घरच्यांचा शोध सुरू केला. तीन आठवड्यांनी मुलीचा नंबर मिळाला. त्यानं फोन लावून बाबांच्या हातात दिला. बाबांनी तिला स्वाहिलीत सगळं खरं सांगितलं. पलीकडून ती थोडंच बोलली. बाबांनी आम्हाला नंतर सांगितलं: मालकाचं गोदाम जाळणाऱ्याची बायको, असं ऐकत तिची आई नऊ वर्षं जगली आणि गेली. मुलगी म्हणाली, "आता हे मी कुणाला सांगू?"

माझा अर्ज नामंजूर झाला. अंबरीश वडिलांशी कामापुरतं बोलतो. मी दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढते. बाबांनी त्या मुलीला पुन्हा दोनदा फोन लावला. तिनं उचलला नाही.