क्यूनंतरचा खोकला

आई बदनापुरात घरच्या ओसरीवर लहान पोरांची इंग्रजीची शिकवणी घ्यायची. स्पेलिंगचे नियम तिनं चालीवर बसवले होते. "क्यू कधी एकटा जात न्हाई," म्हणून ती थांबायची, खडूच्या भुकटीनं कोरडं खोकायची, मंग पुढं, "यू त्याच्या मागं मागं." त्यानंतर, "शेवटचा ई दिसतो, पण बोलत न्हाई." पोरं तिच्या मागून म्हणायची.

मागच्या उन्हाळ्यात आई गेली. अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, घर सुनं वाटू नये म्हणून शिकवणी मी चालू ठेवली. पहिल्याच दिवशी पोरांनी सूर धरला, क्यूपाशी आली, थांबली आणि सगळी मिळून खोकली. तस्संच, कोरडं. "चेष्टा करता का रे?" मी खेकसले. पोरं बावरली. त्यांच्या लेखी खोकला नियमातलाच होता.

शाळा उघडल्यावर नवीन पोरं आली. त्यांनी आईला कधी पाहिलंही नव्हतं. थोड्याच दिवसांत तीही खोकायला लागली. त्यातली एक फ्रॉकातली चिमुरडी तर खोकताना हात तोंडाशी न्यायची, आई पदर धरायची तसा. हे तिला कुणी दाखवलं? म्हणतात, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. इथं तर मेल्यावरही गेली नव्हती.

तरी मी सोडून दिलं असतं. पण खोकला ऐकला की अण्णा आतून पाण्याचा तांब्या आणायचे, आईच्या रिकाम्या खुर्चीपाशी ठेवायचे आणि निमूट परत जायचे.

"अण्णा, आई न्हाई आता," मी म्हणायची.

"मला काय येडा समजती का?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा तांब्या. मला धास्तीच बसली. आई गेली ती गेली, आता हा माणूसही माझ्या हातातून चाललाय. खोकला बंद झाला तरच ते ताळ्यावर येतील, असं मी मनाशी धरलं आणि पोरांच्या हात धुऊन मागे लागले. ओरडले, बिस्किटांची लालूच दाखवली, पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. शेवटी जमलं एकदाचं! क्यू आणि यू, न थांबता, सरळ. मी आतल्या दाराकडं बघत राहिले. तांब्या आला नाही. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात अण्णा दारात आले. अंगात इस्त्रीचा सदरा, केस विंचरलेले, तोंडभर हसू. असं हसताना मी त्यांना कितीतरी महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"बरा झाला वाटतं तिचा खोकला," ते म्हणाले. "मंग पाठव तिला आत. कवापासून वाट पाहून राह्यलो."

मी पोरांकडं वळले.

"पुन्हा म्हणा रे," मी म्हटलं. "खोकून म्हणा."