गोदाकाकूंचा निंब

काल मोताळ्यात आरागिरणीवरून जाताना ओल्या निंबाचा कडवट वास आला आणि शेजारच्या गोदाकाकू आठवल्या. त्यांच्या निंबाच्या मुळ्यांनी माझ्या भिंतीला तडा गेला, म्हणून मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला होता. वर्षभर भांडलो. झाड पाडायच्या सकाळी काकूंनी खोडाला हळदकुंकू लावलं, बुंध्याशी तांब्याभर पाणी घातलं. म्हणाल्या, "तोडा भाऊ. झाडापायी तुमचं घर नोको पडाले."

पुढच्या उन्हाळ्यात तडा पुन्हा उघडला. गवंड्यानं पाया उकरला. "मुळी कुठी हाय? काळी माती हाय भाऊ, उन्हात फाटते."

काकूंच्या अंगणात आता सावली नव्हती. दुपारी त्या माझ्याच भिंतीच्या सावलीला ज्वारी निवडत बसायच्या. गवंडी काय बोलला, ते मी त्यांना कधीच सांगितलं नाही.