तीन मजल्यांचा धूर

शेजाऱ्याने घरावर दुसरा मजला चढवला, म्हणून माझ्या सासऱ्यांनी तिसरा चढवला. झरी गावात तेवढं उंच घर दुसरं नव्हतं. राज्य निजामाचं, तालुक्याचे साहेब गावात आले की जेवायला आमच्याच तिसऱ्या मजल्यावर बसत, आणि सासऱ्यांची मान दोन बोटं वर जाई.

या उंचीची फळं मात्र मी चाखत होते. इतरांच्या माळवदाला चुलीच्या वरच साणं असे. धूर त्या भोकातून सरळ आभाळात. आमच्या चुलीवर दोन मजले बसलेले, साणं पार वरच्या छताला. धुराला जिना तेवढा मोकळा. म्हणून सासऱ्यांनी जिन्याच्या तोंडाला झडप बसवली आणि स्वयंपाक होईपर्यंत ती लावून ठेवायचा कायदा केला. वर बैठक स्वच्छ, खाली मी आणि धूर. दोन वर्षांत माझे डोळे असे सुजले की वैद्य म्हणाले, असंच चाललं तर पोरीची नजर जाईल. भिंतीला धुराड्यासाठी भोक पाडा म्हटलं, तर सासरे म्हणाले, "भोक पाडल्यावर माडीची शोभा ऱ्हाईल का?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग एका दुपारी साहेब जेवायला आले. गरम भाकरी वर पोचवायच्या म्हणून झडप उघडी. चुलीपाशी जळणाला कापसाच्या पऱ्हाट्या होत्या, त्या ओल्या. कोरड्या परसात होत्या, हे मला माहीत होतं. मी ओल्याच घातल्या. अगदी मुद्दाम.

धूर जिना चढला आणि वर आरडाओरडा झाला, "आग! आग!" शेजारी जणू वाटच बघत होता. त्याने आपल्या माळवदावरून आमच्या छताला शिडी लावली, विहिरीपासून माणसं उभी करून घागरी हातोहात वर नेल्या, आणि साण्याचं झाकण काढून पहिली घागर स्वतः आत उपडी केली. खाली नेमके साहेब.

मी चुलीपासून ओरडत होते, "पाणी कामून ओतायलेत? आग न्हाई, सैपाक चाललाय! झडप लावा!" ऐकतंय कोण! पाच-सहा घागरी गेल्यावर माझ्या नवऱ्याने झडप ओढली. वरचा धूर उघड्या साण्यातून आपोआप निघून गेला, आणि आग विझवल्याची फुशारकी शेजाऱ्याने पुढे वर्षभर मारली.

साहेब निथळत्या शेरवानीत खाली उतरले. "ये धुआँ रोज का है क्या?"

"न्हाई हुजूर, आजच," सासरे म्हणाले.

मी पदराआडून बोलले, "रोजचाच हाय. फकस्त रोज झडप लावून मी एकटी खाते."

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. मीही मनातून घाबरले होते.

संध्याकाळी सासरे चुलीपाशी आले. आता माहेरी धाडतात, असंच मला वाटलं. त्यांनी झडप लावली, माझ्यासमोर मांडी घातली आणि म्हणाले, "थाप भाकर." पहिली उतरेपर्यंत ते उपरण्याने डोळे पुसत बसले. दुसरीला खोकत उठले आणि दाराची चौकट धरून उभे राहिले.

"रोज किती थापतीस, पोरी?"

"चाळीस, मामंजी."

त्यांना माझ्याकडे बघवलं नाही. सकाळी गवंडी आला आणि भोक कुठं पाडू म्हणून विचारू लागला, तेव्हा सासऱ्यांनी त्याच्या हातातली पहार घेतली आणि भिंतीवर पहिला घाव स्वतः घातला.