काळा दगड, तांबडा दगड

माझं माहेर वळसंगचं. आमच्या शेतातल्या विहिरीला पायऱ्या नव्हत्या. काळा पाषाण फोडून केलेली चांगली खोल विहीर, आणि उन्हाळ्यात पाणी पार तळाला गेलेलं. पोहायचं असेल तर कपारींत हातापायाची बोटं रोवत उतरायचं आणि तसंच वर यायचं. माझे तिघे भाऊ उतरत, म्हणून मीही उतरायला लागले. आईनं दोनदा मारलं, तिसऱ्यांदा कंटाळून सोडून दिलं. दगडाची आपल्याला भीती वाटत नाही हे मला त्या वयातच कळलं होतं. त्याचा पुढं काय उपयोग करायचा, ते मात्र बरीच वर्षं कळलं नाही.

लग्नानंतर मी सोलापुरात आले. नवी पेठेच्या मागच्या बोळात आमच्या दोन खोल्या होत्या. हे बँकेत होते आणि मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. आठ तास कानाला यंत्र लावून लोकांची बोलणी जोडून द्यायची. काम मला छान जमायचं, पण बसून बसून अंग आखडून जायचं. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात ह्यांना बँकेकडून प्रवासाची सवलत मिळाली, तेव्हा कुठं जायचं यावर फार चर्चा झाली नाही. आम्ही दोघांनीही समुद्र पाहिला नव्हता.

ह्यांच्या थोरल्या बहिणीनंही पाहिला नव्हता. वन्सं मोहोळला शेत आणि तीन म्हशी एकटीनं सांभाळायच्या. त्यांनी जन्मात सुट्टी घेतली नव्हती, त्यामुळं त्या नाही म्हणतील या खात्रीनं आम्ही विचारलं. त्या लगेच हो म्हणाल्या. म्हशी शेजारणीच्या हवाली केल्या आणि कडक भाकरी, शेंगांची चटणी असं आठ दिवसांचं बांधून एसटी स्टँडवर आमच्या आधी येऊन बसल्या.

कोल्हापूरवरून रत्नागिरी आणि तिथून किनाऱ्यावरचं एक लहानसं गाव, असा प्रवास होता. गावात एका घरी राहण्या-जेवणाची सोय होती. त्याच घराच्या पडवीत मुंबईच्या एका गिर्यारोहण मंडळाचे सहा-सातजण उतरले होते. ते इथल्या समुद्राकाठच्या कड्यांवर चढायचा सराव करत. त्यांचे प्रमुख पंचेचाळिशीचे, बारीक, कमी बोलणारे गृहस्थ होते. एरवी कुठल्याशा कचेरीत नकाशे काढायचं काम करत. पहिल्याच दिवशी पंगतीत ह्यांनी त्यांना खोदून खोदून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, की हवं तर उद्या सकाळी या, लहान दगडावर करून बघा. हे उत्साहानं तयार झाले. मला कुणी विचारलं नव्हतं. मी वाढून घेता घेता म्हटलं, "मीही येते."

प्रमुखांनी माझ्याकडं पाहिलं. बाईमाणूस वगैरे काही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "साडीवर जमणार नाही, वहिनी."

मग सकाळी मी ह्यांची पँट घातली. कमरेला ती इतकी ढगळ होती, की परकराची नाडी ओवून आवळावी लागली. वर ह्यांचाच शर्ट. पायात मंडळातल्या एका मुलीचे कॅनव्हासचे बूट. वन्संनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एवढंच म्हणाल्या, "ब्येस दिसतंय की. रानात घालायला मला बी पायजे."

पहिल्या दिवशीचा दगड पुरुषभर-दीड पुरुष उंचीचा होता. प्रमुखांनी आधी दोर बांधायला शिकवलं. कमरेभोवती कशी गाठ घ्यायची, ती ओढ बसल्यावर सरकत का नाही, हे त्यांनी तीन वेळा करून दाखवलं आणि आमच्याकडून दहा वेळा करून घेतलं. मग सांगितलं, की दोन हात आणि दोन पाय यांतलं एकच काय ते एका वेळी हलवायचं, बाकीचे तीन दगडावर पक्के हवेत. अंगाचा भार पायांवर टाकायचा. हातांनी लोंबकळत वर जाणारा माणूस दहा फुटांत दमतो.

हे आधी चढले. अर्ध्यावर गेल्यावर खाली पाहिलं आणि तिथंच थांबले. काही वेळानं अगदी शांतपणे म्हणाले, की माझे पाय लटपटतायत, मला उतरवा. उतरल्यावर कपडे झटकले आणि हसले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. ह्यांची ही गोष्ट मला तेव्हाही आवडायची. "आता हिला बघा," असं म्हणून ते वन्संच्या शेजारी जाऊन बसले.

मी चढले. खरं सांगते, मला त्यात काही विशेष केल्यासारखं वाटलं नाही. काळाच दगड होता, आमच्या विहिरीसारखा. बोटांना जागा सापडत गेल्या. त्या सकाळी मी चारही बाजूंनी तो दगड चढले आणि संध्याकाळी प्रमुख म्हणाले, की उद्या ओहोटीला मोठ्या कड्यावर या. त्या रात्री मी इतकी खुशीत होते, की जेवताना आणखी दोन भाकऱ्या मागून घेतल्या.

मोठा कडा साठेक फूट होता. ओहोटी लागली की त्याच्या पायथ्याशी सपाट खडक उघडा पडायचा, तिथून चढायला सुरुवात. कडा खालून बराच वर काळा होता. शेवटचे दहा-बारा फूट तांबडे, कोकणातल्या जांभ्याचे. फक्त एका ठिकाणी काळ्या दगडाची एक धार त्या तांबड्यातून थेट माथ्यापर्यंत गेली होती. प्रमुखांनी बोट दाखवून सांगितलं, की त्या धारेवरूनच यायचं. जांभ्याला हात लावायचा नाही. दिसायला तो दगड आहे, पण समुद्राच्या खाऱ्या हवेनं आतून भुसभुशीत झालेला असतो. मी मान डोलावली. मग ते मागच्या पायवाटेनं माथ्यावर गेले, झाडाला स्वतःला बांधून घेतलं आणि दोर खाली सोडला. मी तो कमरेला बांधला, गाठ दोनदा तपासली आणि निघाले.

पहिले पन्नासेक फूट मी आयुष्यात कधी विसरणार नाही. दगड उन्हानं कोमट झाला होता. खाली लाटांचा आवाज, पण तो हळूहळू लांब जात होता. हात, पाय, हात, पाय. वरून दोर अलगद आवळला जायचा, म्हणजे वरचा माणूस जागा आहे एवढं कळायचं. एक्स्चेंजमध्ये कानात दहा माणसं एकदम बोलत असत. इथं कुणीच बोलत नव्हतं. बोटाखाली काय आहे, एवढाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मला दर वेळी येत होतं.

मग धार आली. ती गुळगुळीत होती. पकडायला नखभर कंगोरे, पाय ठेवायला त्याहून कमी. मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा परत खालच्या पायरीवर आले. डावीकडं पाच-सहा फुटांवर मात्र तांबडा दगड भोकाभोकांचा होता. एकेक भोक अगदी हाताच्या मापाचं. असं वाटावं, की कुणी मुद्दाम चढण्यासाठीच केलंय. प्रमुखांनी सांगितलेलं माझ्या लक्षात होतं, विसरले वगैरे नव्हते. पण मला वाटलं, की दगड मला कळतो. हात लावून बघू, कच्चा असला तर कळेलच.

मी डावीकडं सरकले. हात लावला, ओढून बघितला. पक्का वाटला. दुसरा हात घातला. तोही पक्का. दोन पावलं वर गेले आणि वरून आवाज आला, "कुठं चाललात?" मी उत्तर द्यायच्या आत उजव्या हातातलं भोक हातातच राहिलं. म्हणजे दगडाचं अख्खं ढेकूळ निघून माझ्या मुठीत आलं.

दोर वर उजवीकडं होता आणि मी डावीकडं गेले होते, त्यामुळं मी सरळ खाली पडले नाही. झोक्यासारखी उजवीकडं फेकली गेले. खांदा धारेवर आपटला, मग गुडघा. त्यानंतर मी नुसती लटकत होते. कमरेचा दोर बरगड्यांत घुसला होता आणि मला श्वास घेता येत नव्हता. खालून ह्यांनी काहीतरी विचारलं, ते मला कळलं नाही.

वरून प्रमुख म्हणाले, "पाय दगडाला लावा. आधी पाय, मग हात."

ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले, की मी ते केलं. पाय टेकल्यावर दोराची ओढ कमी झाली आणि छातीत हवा गेली. मग त्यांनी विचारलं, की काही मोडलंय का. मी बोटं हलवून बघितली, गुडघा वाकवून बघितला. पँट फाटली होती, रक्त येत होतं, पण सगळं हलत होतं. तसं सांगितलं.

"खाली सोडू, की वर येता?"

मी खाली पाहिलं. सपाट खडक अजून कोरडा होता आणि त्यावर हे मान वर करून उभे होते. खाली गेले असते तर कुणी हसलं नसतं. पण माझ्या मनात भीती नव्हती, राग होता, आणि तो माझ्यावरच होता. मी म्हटलं, "थोडं थांबा, येते."

गालाशी असलेली धार मी पहिल्यांदा नीट बघितली. आधी बघितलीच नव्हती, फक्त ती अवघड आहे असं ठरवून टाकलं होतं. उजव्या बाजूला, सहज नजरेत न येणारी, बोटाच्या दोन पेरांएवढी चीर होती. त्या चिरेत बोटं अडकवून, पायाचा फक्त चवडा कंगोऱ्यावर टेकवत मी वर सरकले. त्या दहा फुटांना किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. शेवटी हाताला गवत लागलं, मी डोकं वर काढलं, आणि समोर प्रमुखांच्या मागं वन्सं मांडी घालून बसलेल्या.

त्या मागच्या पायवाटेनं कधीच वर येऊन बसल्या होत्या. मी धापा टाकत त्यांच्यासमोर पालथी पडले. त्यांनी माझ्या गुडघ्याकडं पाहिलं, मागं पायवाटेकडं पाहिलं आणि मनापासून विचारलं, "हितनं वाट हाय की गं. तितनं कशाला आलीस?"

प्रमुखांना मी त्या एकदाच मोठ्यानं हसताना पाहिलं. पण दोर गुंडाळताना ते गंभीर झाले. मी चूक कबूल करायला लागले, तर त्यांनी थांबवलं. "चुकलात ते तुम्हाला कळलंय. पण तुम्ही घाबरला नाहीत, ते मला तितकंसं चांगलं वाटलं नाही. अनोळखी दगडाला थोडं घाबरावं." ते बोलणं मला लागलं आणि पटलंही.

दुसऱ्या दिवशी हाताची बोटं मिटत नव्हती. माझी वेणी वन्संनी घातली. घालता घालता त्या म्हणाल्या, "लटाकली हुतीस तवा म्या डोळं मिटलं न्हाईत. हा बाबा कसा धरतोय त्येच बगत हुते. लई निवांत धरतोय."

ते त्यांचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. दुपारी मी प्रमुखांना विचारलं, की मला दोर धरायला शिकवाल का. त्यांनी चढायला शिकवलं त्याच्या दुप्पट वेळ त्याला दिला. दोर पाठीमागून कसा घ्यायचा, कुठला हात कधीही सोडायचा नाही, स्वतःला आधी कशाला बांधायचं. त्यांचे जुने कातडी हातमोजे मला दिले. त्यांच्या मंडळातली मुलं खालून मुद्दाम अंग सोडून द्यायची आणि मी ते पेलायचे. बोटं दुखत होती, पण चौथ्या-पाचव्या वेळी मला त्यातली गोम कळली. हातांपेक्षा ते काम कमरेनं आणि टाचांनी करायचं असतं.

हे बाजूला बसून सगळं पाहत होते. आमचा तिथला शेवटचा दिवस उजाडला तेव्हा चहा पिताना म्हणाले, "तू धरणार असशील तर मी एकदा करून बघतो."

मी प्रमुखांकडं पाहिलं. त्यांनी कड्याची अर्ध्या उंचीची बाजू सुचवली, माझ्या सगळ्या गाठी तपासल्या आणि माझ्या मागं दोन पावलांवर येऊन उभे राहिले. मला वरून हे दिसत नव्हते. दोर थोडा थोडा सैल व्हायचा, तेवढा मी ओढून घ्यायचे. बऱ्याच वेळानं दोर थांबला. मग एकदम माझ्या कमरेला हिसका बसला. ह्यांचं वजन माझ्याहून पंधरा-सोळा किलोंनी जास्त होतं. माझ्या टाचा मातीत रुतल्या, हातमोज्यांतून ऊब आली, पण दोर वीतभरही सरकला नाही. मागून प्रमुखांनी हात पुढं केला होता. लागला नाही म्हणून त्यांनी तो परत घेतला.

खालून ह्यांचा आवाज आला. "धरलंयस?"

"धरलंय."

"पाय लटपटतायत."

"लटपटू देत. आधी पाय लावा, मग हात."

ते वर आले तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ते हसत होते. वन्संनी त्यांना पाणी दिलं.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघं त्याच मंडळाच्या शिबिराला गेलो, आणि त्यानंतर आणखी चार हिवाळे. मी पुष्कळ कडे चढले. नव्या दगडाला हात लावण्यापूर्वी तो दोन मिनिटं नुसता बघायची सवय मला लागली. ह्यांना चढणं शेवटपर्यंत फारसं आवडलं नाही. पण दोर धरायला त्यांच्याइतका भरवशाचा माणूस त्या मंडळात नव्हता, असं प्रमुखच म्हणायचे, आणि अवघड जागी मी चढायला निघाले की दोर धरून माथ्यावर उभं राहायला ते ह्यांनाच बोलवायचे.