मुलुंडच्या चौरंगावरचं लिंबू

कोल्हापूरहून निघताना मी पिशवीत दोन फेटे घेतले आणि तोंडात भरपूर बढाया. मुलुंडला राहणाऱ्या बहिणीची गार्गी पहिल्यांदाच लोकांसमोर पट्टा (कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या मुठीची लांब, लवचीक तलवार) फिरवणार होती. तरुणपणी मीही तालमीत फिरवलाय. भुवईवरची खूण मी अजून कुणी न विचारताच दाखवतो.

सकाळी उतरल्याबरोबर बहिणीने आग्रहाने कोपऱ्यावरची मिसळ खायला घातली. रश्शात गूळ होता. पाहुणा म्हणून गप्प राहिलो, म्हणजे दोनदाच बोललो.

दुपारी सोसायटीमागच्या मैदानावर सराव बघितला आणि हसूच आलं. लाठीवाल्यांच्या गुडघ्यांना पट्ट्या, मुलींचे डूल-बांगड्या काढून डब्यात, लेझीमवाल्यांना आधी अंग मोकळं करायची सक्ती. जमिनीवर चुन्याचं वर्तुळ; खेळ चालू असताना आत कुणी पाऊल टाकायचं नाही. शिकवणाऱ्या संगीताताई एका दवाखान्यात नर्स आहेत. गार्गी पट्ट्याने लिंबू कापणार होती, तेही चौरंगावर ठेवून. आमच्याकडे लिंबू माणसाच्या तळहातावर ठेवतात. मी लगेच माझा उजवा हात पुढे केला.

"दादा, टाके मी दवाखान्यात रोज बघते," ताई म्हणाल्या. "इथे नकोत."

संध्याकाळी फेटे बांधायला घेतले. प्रत्येक फेट्याला चार पिना, असा ताईंचा हुकूम होता. आता कोल्हापूरच्या माणसाने बांधलेला फेटा पिनांच्या आधाराने टिकायचा, म्हणजे नाकच कापलं की. गार्गीला मी झोकात फेटा बांधला, शेमला (मागे सोडलेला पदर) पार कमरेपर्यंत. पिना लावल्या का, असं ताईंनी येऊन विचारलं. मी मान डोलावली.

हलगी वाजू लागली. गार्गी अशी फिरत होती की बहीण डोळे मिटून बसली होती. शेवटची गिरकी घेऊन तिने पट्टा उचलला आणि नेमका तेव्हाच फेटा सरकून तिच्या डोळ्यांवर आला. वार सुटला होता. खट्ट असा आवाज झाला. लिंबू जागच्या जागी होतं आणि पातं त्याच्या वीतभर अलीकडे चौरंगात रुतलं होतं. मी हातावर लिंबू घेऊन उभा असतो, तर तिथे माझं मनगट असतं.

गार्गी शिकवल्याप्रमाणे पट्टा सोडून जागीच खाली बसली. वर्तुळात एकट्या ताई गेल्या.

फेटा वर सारून गार्गीने मला शोधलं. पोरगी रडवेली झाली होती. आपलंच चुकलं असं तिला वाटत होतं.

"मामा, तू पिना लावल्या होत्यास ना?"

सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं.

"नाही गं," मी म्हणालो. "ताईंशी खोटं बोललो."

ताई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं मला आत बोलावलं आणि ओढणीला टोचून ठेवलेल्या चार पिना माझ्या हातात दिल्या. गार्गीच्या फेट्याला त्या लावताना एक माझ्याच बोटात गेली. मग मी वर्तुळाबाहेर आलो, हलगी पुन्हा सुरू झाली आणि या खेपेला लिंबाच्या दोन फोडी चौरंगावरून घरंगळल्या. गार्गी माझ्याकडे बघून हसली, तेव्हा रडू मला आलं.

घरी पोचलो तर बायको दारातच उभी होती. मुंबईहून काय आणलंत, तिने विचारलं.

"हे दोन्ही हात," मी म्हणालो, आणि भुवईऐवजी पिन टोचलेलं बोट दाखवलं.